मांडावरच्या गाण्यांचा थेट ध्वनिमुद्रित संग्रह : झील सोबत घ्यावी की कवीचा एकटा आवाज ठेवावा?

सुरंगीचा वळेसर

नमस्कार. आमच्या भागात, म्हणजे कुडाळ-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात, स्वतः गाणे रचून स्वतःच गाणारी तरुण मंडळी गेल्या काही वर्षांत बरीच पुढे आली आहेत. गुहागरपासून सावंतवाडीपर्यंतच्या अशा आठ जणांना एकत्र आणावे, येत्या पौषात आमच्या गावच्या देवळाच्या सभामंडपात, समोर गावकरी बसलेले असताना, एका रात्रीत त्यांची गाणी ध्वनिमुद्रित करावीत आणि त्यांचा एक संग्रह प्रसिद्ध करावा, असा आमचा विचार आहे. प्रत्येकाची दोन, अशी सोळा गाणी होतील. सगळी मिळून साधारण सव्वा तास. पौष निवडण्याचे कारण साधे आहे. त्या महिन्यात लग्ने नसतात, त्यामुळे पलीकडच्या वाडीतला ध्वनिक्षेपक आपल्या गाण्यात येऊन बसत नाही. जत्रांचा पहिला भर ओसरलेला असतो आणि बेडकांचा हंगामही नसतो. दिवसा मात्र आंब्याच्या मोहोरावर फवारणीचे पंप चालू असतात, म्हणून रात्र.

या आठ जणांत मालवणच्या एका गाबीत, म्हणजे मच्छीमार, कुटुंबातली एक मुलगी आहे. तिने रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचे मोठे जाळे) ओढण्याच्या लयीवर, रापणीला आता मासळीच लागत नाही याचे गाणे रचले आहे. संगमेश्वरकडचा एक रिक्षाचालक आहे, ज्याने महामार्गाच्या रुंदीकरणात गेलेल्या वडाचे गाणे जाखडीच्या, म्हणजे बाल्या नाचाच्या, चालीत बांधले आहे. देवगडचा एक शिक्षक गिटार घेऊन एकटाच गातो. बाकीच्यांची जडणघडण भजन, नमन आणि दशावताराच्या आसपासची आहे.

माझी अडचण अशी. गेल्या मे महिन्यात या आठांपैकी तिघांची गाणी आम्ही मुंबईतल्या एका स्टुडिओत करून पाहिली. तिथल्या रीतीप्रमाणे आधी यंत्राच्या टिकटिकीवर ठेका घेतला, मग काचेआड बसवून गायकाचा आवाज घेतला आणि आठवड्याने चौघांनी येऊन झील धरली, म्हणजे गायकाची ओळ मागून उचलून म्हटली, ती वरून जोडली. काम अगदी स्वच्छ झाले. घरी आणून आईला ऐकवले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "गाणा बरा असा, पण मागे कोणच नाय." वास्तविक मागे चार जण होते, आणि त्यांचा आवाज चांगला मोठा ठेवलेला होता.

तेव्हापासून मी विचारात आहे. ज्यांना हल्ली सर्रास 'सिंगर-साँगरायटर' म्हणतात, त्यांच्या संग्रहात कवीचा एकटा आवाज हीच मुख्य गोष्ट असायला हवी, असे आमच्या गटातल्या काहींचे मत आहे. झील, टाळ, श्रोत्यांची दाद या सगळ्या गोष्टी कमीत कमी ठेवाव्यात, नाहीतर आठही जण सारखेच वाटतील, असे ते म्हणतात. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नेमके सांगताही येत नाही. शिवाय शब्द एकाचे, चाल परंपरेची, आणि झिलेतली एखादी ओळ झीलकऱ्यानेच सुचवलेली, असे असेल तर मुखपृष्ठावर कोणाचे नाव काय म्हणून छापायचे, हाही प्रश्न आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चिरेबंदी

मी व्यवसायाने ध्वनिमुद्रक आहे आणि कोकणात, गोव्यात देवळांमधून बरेच काम केले आहे. आपल्या मातोश्रींचे निदान अचूक आहे. आपल्याकडे गायकाचा शेवटचा शब्द पुरता संपण्याच्या आत झील उचलली जाते आणि झिलेचे शेपूट हवेत असतानाच गायक पुढची ओळ घेतो. तो अर्ध्या मात्रेचा गुंता पहिल्याने दुसऱ्याचा श्वास ऐकल्याशिवाय साधत नाही. तुमच्या स्टुडिओत गायकाने गायले तेव्हा झील नव्हती, म्हणून तो प्रत्येक ओळ पूर्ण करून थांबला. झीलकरी आले तेव्हा त्यांना ती थांबण्याची जागा तयार मिळाली आणि त्यांनी ती नेमकी भरली. आवाज मोठा ठेवल्याने ही उणीव भरून निघत नाही. तेव्हा झील सोबतच घ्या, त्याच क्षणी आणि त्याच मंडपात.

आता मंडपाविषयी. तो जुना, चिऱ्यांच्या भिंतींचा आणि नळ्यांचा किंवा मंगलोरी कौलांचा असेल तर तुम्ही भाग्यवान आहात. जांभा दगड सच्छिद्र आणि खडबडीत असतो, कौलांच्या फटींतून आवाज बाहेर जातो आणि बाजूने मंडप उघडा असतो, त्यामुळे घुमारा फारसा उरत नाही. अलीकडे जीर्णोद्धारात सिमेंटचे छत आणि गुळगुळीत लाद्या आलेल्या असतील तर पखवाजाची प्रत्येक थाप दोनदा ऐकू येईल; मग लाद्यांवर जाजमे, त्यांवर घोंगड्या, आणि भिंतीलगत गोधड्या टांगण्याची तयारी ठेवा. समोर दोनशे माणसे बसली की तीही आवाज शोषतात, म्हणून रिकाम्या मंडपातल्या चाचणीवरून घाबरून जाऊ नका.

मांडणी बाल्या नाचाचीच ठेवा, म्हणजे गाणारे-वाजवणारे मध्ये एकत्र बसलेले आणि बाकी सगळे त्यांच्याभोवती. त्यांच्या समोर, डोक्यापेक्षा हातभर उंचीवर, दोन कंडेन्सर मायक्रोफोनची एक जोडी लावावी. दोन्हींच्या तोंडांत १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन ठेवावा. ही जोडीच तुमचा खरा संग्रह आहे. गायकाचा, पेटीचा आणि पखवाजाच्या दोन्ही तोंडांचा जवळून घेतलेला आवाज हा तिला आधार म्हणून, वेगवेगळ्या मार्गांवर घ्यावा. हे जवळचे मायक्रोफोन ज्याच्यासाठी ठेवले आहेत त्याच्यापासून जितके दूर असतील, त्याच्या निदान तिप्पट अंतर त्यांच्या आपापसांत असू द्यावे, नाहीतर एकच आवाज दोन वाटांनी येऊन पोकळ लागतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे झीलकरी गायकापासून सात मीटर मागे बसले तर त्यांचा आवाज गायकाच्या मायक्रोफोनवर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका उशिरा पोहोचतो, आणि झिलेचा वेगळा मार्ग त्यात मिसळला की तोच आवाज दोनदा येतो. त्यांना दोन मीटरच्या आत बसवा. गाणाऱ्यांनाही तेच सोयीचे असते, कारण मान वळवली की नजर मिळते.

सगळ्यांत मोठा शत्रू झांज. ती प्रत्येक मायक्रोफोनमध्ये शिरते आणि एकदा शिरली की तिला बाहेर काढता येत नाही. तिला मागच्या फळीत, खांबाच्या आडोशाला बसवावे.

ध्वनिक्षेपक लावूच नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. दोनशे माणसांच्या मंडपात गाणे बिनमाइकचे सहज ऐकू जाते. आपले आजोबा तसेच ऐकत होते. कर्ण्यातून आलेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये गेला की चांगल्यातले चांगले यंत्रही व्यर्थ ठरते. नियमांच्या दृष्टीनेही हे सोपे पडते, मात्र पूर्ण सुटका होत नाही: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागी ध्वनिक्षेपकच काय, वाद्ये वाजवण्यावरही बंधन आहे. म्हणून एका रात्रीत सोळा गाणी उरकण्यापेक्षा दोन संध्याकाळी घ्या, दिवेलागणीला सुरू करून दहाच्या आत थांबा.

पंखे बंद, जुन्या चोकच्या ट्यूबलाइट बंद, जनरेटर असल्यास शंभर पावले लांब. शक्य तर यंत्रे बॅटरीवरच चालवावीत. देवळाच्या घंटेचा लोलक कापडाने गुंडाळून ठेवावा, पण गुरवांना आणि मानकऱ्यांना आधी विचारून. मी एकदा न विचारता बांधला होता. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण झालेच नाही, आणि ते योग्यच झाले.

एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. संध्याकाळी खाऱ्या वाऱ्याने दमट झालेले पखवाजाचे कातडे सुरात उतरते, आणि रात्री जमिनीकडून मतलई सुटला, हवा थंड आणि कोरडी झाली की तेच कातडे चढते. धाम्याची, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या तोंडावरची, कणीकही तासाभरात सुकू लागते. पेटी जिथल्या तिथे असते, पखवाज मात्र सरकत राहतो. प्रत्येक गाण्याआधी तो मिळवून घ्यायला वेळ द्यावा, आणि सात वाजताच्या गाण्याचे पहिले कडवे व साडेनऊच्या गाण्याचे दुसरे कडवे जोडण्याची स्वप्ने पाहू नयेत, कारण दोन्हींत पखवाजाचा सूर वेगळा असणार. चुकले तर पूर्ण गाणे पुन्हा घ्यावे. श्रोत्यांना त्याचे काही वाटत नाही. उलट दुसऱ्या खेपेला तेही झील धरतात.

मागचा झीलकरी

वरील उत्तरात तंत्राविषयी सर्व काही आले आहे, म्हणून मी फक्त नावाच्या प्रश्नाविषयी लिहितो, कारण ती गोष्ट माझ्या घरात घडलेली आहे.

माझे वडील जाखडीचे शाहीर. शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे दोन पक्षांच्या सवाल-जवाबाच्या, सामन्यांना त्यांनी चाळीस वर्षे गाणी लिहिली. आमच्याकडे रीत अशी की गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवी आपले, आपल्या गुरूचे आणि पुष्कळदा गावाचेही नाव गुंफतो. त्याला कोणी छाप म्हणतात, कोणी नाममुद्रा. हे कडवे म्हणताना नाचणारे पावले थोडी संथ करतात आणि झीलकरी ते नाव दोनदा घेतात, एकदा सरळ आणि एकदा वरच्या स्वरात. ज्याने ते गाणे पहिल्यांदा ऐकले, त्यालाही गाणे संपता संपता कळते की हे कोणाचे आहे.

नव्वदच्या दशकात वडिलांची गाणी मुंबईतल्या एका कंपनीने कॅसेटवर घेतली. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटे. गाणी लांब पडत होती. तेव्हा तिथल्या गृहस्थांनी सुचवले, आणि आमच्या लोकांनी मुकाट्याने मान्य केले, की शेवटचे कडवे गाळावे, कारण त्यात 'नुसती नावे' आहेत. सातही गाण्यांची शेवटची कडवी गेली. कॅसेटच्या वेष्टणावर गायकाचे नाव छापले, संगीतकार म्हणून कंपनीतल्याच कोणाचे तरी छापले, आणि गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' असा शब्द आला. पाच-सहा वर्षांनी गणपतीत दुसऱ्या गावचे नाचाचे पथक आमच्याच अंगणात येऊन वडिलांचे गाणे म्हणून गेले आणि शेवटी त्यांनी आपल्या शाहिराचे नाव घातले. त्यांचाही दोष म्हणता येत नाही. कॅसेटवरून शिकले, पारंपरिक समजून घेतले, मोकळी जागा दिसली तिथे आपले नाव ठेवले. वडील ओटीवर बसून ऐकत होते. त्यांनी पथकाला नारळ दिला आणि आत गेले.

म्हणून माझी एकच मागणी आहे: संग्रहातले जे गाणे नाममुद्रेसह रचलेले आहे, त्याचे शेवटचे कडवे कोणत्याही कारणाने गाळू नये. आजच्या काळात तीस मिनिटांची मर्यादाही राहिलेली नाही.

जाता जाता, ध्वनिमुद्रणात नाव उच्चारण्याची रीत शाहिरांपुरतीच नाही. १९०२ मध्ये कलकत्त्याला गायिका गौहर जान यांच्या तबकड्या काढल्या गेल्या, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या "माय नेम इज गौहर जान" असे मोठ्याने म्हणत. तबकड्या तयार व्हायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात आणि तिथल्या कारागिरांना हे गाणे कोणाचे ते कळावे, हा त्यामागचा हेतू. जेमतेम तीन मिनिटांच्या तबकडीत त्यांनी नावाला जागा ठेवली. आमच्या तीस मिनिटांत ती मिळाली नाही.

सहा तारा

झील हवी, याला माझा विरोध नाही. पण या चर्चेत ती सक्तीची होऊ लागली आहे, म्हणून लिहितो. मीही गिटारवर मराठीत आणि मालवणीत गाणी करतो आणि रत्नागिरीत भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. माझ्या गाण्याला झील नाही, कारण ते रचताना माझ्यामागे खरोखरच कोणी नव्हते. चाकरमान्यांच्या रिकाम्या घरांवर लिहिलेले गाणे चौघांनी जोरात उचलून धरले, तर ते गाणे खोटे पडेल. देवगडच्या त्या शिक्षकांचेही असेच काही असू शकेल, त्यांना विचारून पाहावे. 'आपली परंपरा' म्हणून त्यांच्यामागे टाळ बसवू नयेत.

वाद्य परके आहे हा आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगतो की पेटीही युरोपातून आली आणि १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने तिला भारतीय संगीताला न शोभणारी म्हणून दूर ठेवले होते. आज पेटीवाचून भजनाची कल्पना करून दाखवा.

नव्या कवी-गायकांना एकत्र आणणाऱ्या संग्रहांचे एक जुने उदाहरण मला फार आवडते. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये जॅक हार्डी आणि त्यांच्या सोबत्यांनी एक मासिक सुरू केले, ज्याचे नाव पुढे 'फास्ट फोक' झाले. त्याच्या प्रत्येक अंकासोबत नव्या गायकांच्या गाण्यांची एक तबकडी येत असे. ध्वनिमुद्रण झटपट आणि कमी खर्चाचे असे, कारण गाणे ताजे असतानाच लोकांपर्यंत जावे हा त्यांचा हट्ट होता; शिवाय 'बॉटम लाइन' या ठिकाणी श्रोत्यांसमोर होणाऱ्या त्यांच्या कार्यक्रमांतूनही तबकड्या निघत. पुढे प्रसिद्ध झालेल्या सुझॅन व्हेगा, ट्रेसी चॅपमन यांची गाणी सुरुवातीला याच तबकड्यांवर आली. हे १९९७ पर्यंत चालले आणि पुढे तो सगळा ठेवा स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. या सगळ्याच्या मुळाशी काय होते, तर हार्डींच्या घरी दर सोमवारी जमणारी बैठक. शेवया उकडून सगळ्यांना जेवायला घालायचे, आणि प्रत्येकाने त्या आठवड्यात लिहिलेले नवे गाणे म्हणायचे. (शेवया म्हणजे तिकडचा पास्ता, पण आमच्या रत्नागिरीच्या बैठकीत आम्ही शिरवाळ्याच करतो, नारळाच्या रसातल्या.)

तेव्हा पौषातल्या त्या दोन संध्याकाळींच्या आधी या आठ जणांना निदान चार-पाच वेळा एकमेकांसमोर बसवा. सगळी सारखी वाटतील ही जी भीती आपल्या गटाला आहे, तिचा उलगडा तिथेच होईल, कारण समोरचा आपल्यासारखेच गात आहे हे ज्याला दिसते, तो पुढच्या खेपेला आपले गाणे स्वतःच वेगळे करून आणतो.

दस्तऐवज

मी वकील आहे आणि दर शिमग्याला गावी असतो, म्हणून या विषयात रस आहे. मूळ प्रश्नातल्या नावांच्या भागाचे उत्तर देतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एका गाण्याचे तीन वेगळे हक्क होतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्द ज्याने लिहिले त्याचा हक्क लिहिताक्षणीच निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, मात्र वाद झाल्यास नोंदवहीतली नोंद प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालते, आणि शब्दांसाठी किंवा चालीसाठी तिचे शुल्क रचनेमागे फक्त ५०० रुपये आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चालीवर कोणाचीच मालकी नसते. तिथे 'चाल : पारंपरिक, जाखडी' असे स्पष्ट लिहावे, पण शब्दांपुढे कवीचे नाव असलेच पाहिजे. वरच्या शाहिरांच्या बाबतीत 'पारंपरिक' हा शब्द चुकीच्या ओळीत छापला गेला, आणि तेवढ्याने सगळे गेले. झीलकऱ्याने एखादी ओळ सुचवली असेल तर ती खरोखर रचनेचा भाग आहे की गाताना सहज आलेला पलटा आहे, हे दोघांनी बसून ठरवावे आणि सहरचनाकार मानायचे असल्यास कागदावर आणावे.

ध्वनिमुद्रणाचा हक्क, ते करण्यात ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली, त्या निर्मात्याकडे जातो. इथे तो आपल्या गटाकडे येईल. परंतु झीलकरी, पखवाजवादक, झांज वाजवणारा मुलगा, हे सगळे कायद्याच्या दृष्टीने सादरकर्ते आहेत. त्यांच्या संमतीवाचून त्यांचे सादरीकरण मुद्रित करता येत नाही, त्यांचा हा हक्क ५० वर्षे टिकतो आणि सादरकर्ता म्हणून आपले नाव यावे असा आग्रहही ते धरू शकतात. म्हणून प्रत्येकाची एक पानाची मराठी संमती घ्यावी. कवींशी करार करताना हक्क कोणते, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी, हे लिहावे. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) समान वाट्याचा हक्क करारात 'सोडून दिला' असे लिहून घेतले तरी तो सुटत नाही. कोणी तसा छापील कागद पुढे केला तर सही करू नये.

आता एका खड्ड्याविषयी, ज्यात आपल्याकडचे बहुतेक जण पडतात. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, चित्रपटगीताच्या चालीवर अभंग किंवा गौळण बांधण्याची सवय सर्वत्र आहे, आणि देवळात धार्मिक प्रसंगी ती गायल्याने कायद्याचा भंग होत नाही, कारण तशी सवलत कायद्यातच आहे. पण ती सवलत सादरीकरणापुरती आहे. तेच गाणे मुद्रित करून विकायला किंवा इंटरनेटवर ठेवायला गेलात की चालीच्या मालकाची परवानगी लागते, आणि ती नसेल तर संकेतस्थळाचे यंत्रच चाल ओळखून गाणे उतरवते. आपल्या सोळा गाण्यांपैकी प्रत्येकाची चाल एखाद्या जाणत्या बुवांना ऐकवून घ्यावी. कित्येकदा गाणाऱ्यालाच ठाऊक नसते की आपण लहानपणापासून ज्या चालीवर गौळण ऐकली, ती मुळात चित्रपटातून भजनात आलेली आहे.

सुरंगीचा वळेसर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे आमच्या गटात मोठ्याने वाचून दाखवली.

दस्तऐवज यांनी दाखवलेल्या खड्ड्यात आम्ही पडलोच होतो. गावच्या बुवांना सगळ्या चाली ऐकवल्या. चौदा ऐकून ते मान डोलावत राहिले, पंधराव्या गाण्याला मात्र त्यांनी पेटीचा भाता थांबवला आणि हसत हसत त्याच चालीवर एका जुन्या चित्रपटाचा मुखडा म्हणून दाखवला. ते गाणे वेंगुर्ल्याच्या मुलाचे होते, आणि ती चाल आपल्या आजीची आहे असे तो समजत होता. आजीकडूनच शिकला, हे खरे. आता तो तेच शब्द फुगडीच्या चालीत बसवतो आहे. दोन ओळी लांब पडतात, त्या कापायला मात्र तयार नाही.

देवगडच्या गुरुजींना विचारले. एक गाणे ते एकटेच गाणार आहेत, आणि दुसऱ्याला त्यांनी स्वतःहून झील मागितली. रापणीच्या गाण्याला झील म्हणून भजनी मंडळी नकोत, आपल्या वाड्यातले ओढणारेच हवेत, असे त्या मुलीचे म्हणणे आहे. ते सूर सोडून ओरडतात, हे ती स्वतःच सांगते. ते कबूल केले आहे. नाममुद्रेची कडवी जशीच्या तशी राहतील, आणि झीलकऱ्यांची नावे कवींच्याच आकाराच्या अक्षरांत छापू.

एक शंका उरली आहे. रापण ओढणारे बारा जण आहेत आणि बसून त्यांना गाता येत नाही. हातात दोर असल्याशिवाय लयच लागत नाही, असे ते म्हणतात. सभामंडपात बारा माणसे दोर ओढणार कशी, आणि त्यांचा आवाज त्या जोडीत नीट कसा यावा?

चिरेबंदी

मंडपाच्या खांबाला दोर बांधू नका, खांब जुना असेल. दोराचे दुसरे टोक आणखी सहा जणांच्या हाती द्या आणि त्यांना अंगणात उभे करा. त्यांनी गायचे नाही, फक्त ताण द्यायचा. बारा जण दोन ओळींत, तोंडे मायक्रोफोनच्या जोडीकडे, पहिला माणूस तीन मीटरवर. मुलगी त्यांच्या आणि जोडीच्या मध्ये उभी राहील. पायांचा आवाज येईल, तो येऊ द्या, पण त्या एका गाण्यापुरत्या घोंगड्या उचलून जमीन उघडी करा. आणि हे गाणे पहिल्या संध्याकाळी सगळ्यांत शेवटी घ्या, कारण त्यानंतर जोडी जागेवर राहील याची मला खात्री नाही.